बहात्तर किलो गूळ

सरांच्या अभ्यासिकेत अडीच महिने बहात्तर किलो गूळ पडून होता. सहा मोठ्या ढेपा आणि किलोकिलोच्या बारा लहान, सगळ्या गोणपाटात गुंडाळून मानसशास्त्राच्या जुन्या मासिकांशेजारी लावलेल्या. मुंग्या येऊ नयेत म्हणून भोवतीनं हळदीची जाड रेघ ओढली होती. मुंग्या तरी यायच्याच. तो गूळ मीच मार्केट यार्डातून रिक्षात घालून आणला होता. रिक्षावाल्यानं विचारलं, "घरी लग्न हाय का?" मी म्हटलं, "नाही, संशोधन आहे." सोलापूरचा रिक्षावाला गप्प बसत नाही, पण त्यानं पुढं एक शब्द काढला नाही.

आमचे सर मानसशास्त्राचे प्राध्यापक. मन आणि धर्म यांचा संबंध हा त्यांचा विषय, असं कागदावर लिहिलेलं असायचं. खरा विषय एकच: राहून गेलेले नवस. बोललेला नवस फेडला, देवळात घंटा बांधली, जेवण घातलं, असल्या लोकांत त्यांना काडीचाही रस नव्हता. बोलला पण फेडायचा राहिला, त्या माणसाचं पुढं काय होतं, एवढंच त्यांना हवं असायचं. बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाला किती वाजले विचारावं तसं ते विचारायचे, "तुमचा एखादा नवस राहिलाय का हो?" मी शरमेनं भिंतीकडं बघायची. पण माणसं सांगायची. चहावाल्यानं सांगितलं, कॉलेजच्या शिपायानं सांगितलं, एकदा तर तिकीट फाडता फाडता एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं आणि पुढचे दोन थांबे तो घोषणा करायचा विसरला.

त्यांचा फॉर्म चार प्रश्नांचा. नवसाचे नेमके शब्द काय होते? कुणी ऐकले? फेडला का? आणि चौथा, भीती वाटते का? चौथ्यापुढं दोनच चौकटी, होय आणि नाही. मी म्हटलं, "सर, 'थोडी' अशी एक चौकट घालू या ना. जगात सगळीकडं पाच-पाच पर्याय असतात." सर म्हणाले, "अंगावर पाल पडली तर थोडी पडते का?" विषय संपला. सर विद्यार्थ्यांनाही अहो-जाहो करायचे, आणि आम्हा सगळ्यांना एकच नाव होतं, संशोधक. बोलवायचे असे की टिंगल आहे का माया, ते आजतागायत मला कळलेलं नाही.

देव मानता का, असं त्यांना शेकडो वेळा विचारलं गेलं असेल. उत्तर ठरलेलं: "अभ्यास चालू आहे." मानसशास्त्रवाले त्यांना मागून कीर्तनकार म्हणायचे. देवळातली माणसं म्हणायची, हा डोक्याचा डॉक्टर, याच्याशी जपून बोला. एका मंडळानं एकदा त्यांना श्रद्धेवर तीन दिवसांची व्याख्यानमाला दिली. पहिल्याच दिवशी सरांनी सभागृहाला विचारलं, "ज्यांचे नवस राहिलेत त्यांनी हात वर करा." इकडंतिकडं बघत एकेक हात वर गेला, शेवटी व्यासपीठावरच्या अध्यक्षांचाही गेला. दुसऱ्या दिवशी सभागृहात जेमतेम पंधरा माणसं. बाकीची नवस फेडायला गेली होती. मंडळानं तिसरं व्याख्यान रद्द केलं आणि सरांनी त्याची संशोधनात नोंद केली.

मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, घरात तेलुगू, वडील टॉवेलच्या कारखान्यात. मला निमूटपणे पीएच.डी. करायची होती आणि नोकरी पक्की करायची होती, बस. पण सरांच्या हाताखाली निमूटपणे काही होत नसे. पहिल्याच वर्षी त्यांनी मला करमाळ्याला पाठवलं. देवीच्या देवळाजवळ एक म्हातारी भेटली. नातू जगला तर देवीला साडी नेसवीन असं ती बोलली होती आणि वीस वर्षं ते राहिलं होतं. चौथा प्रश्न विचारला तर ती म्हणाली, "थोडं वाटतंय की." मी दोन्ही चौकटी सोडल्या, बाजूला 'थोडी' लिहिलं आणि सोलापूरला परत आले. सरांनी फॉर्म बघितला, घडी घातली, माझ्या हातात दिला. "परत जा."

"एका शब्दासाठी?"

"त्याच शब्दासाठी तर."

करमाळा काय जवळ आहे? जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. एसटीत बसून मी सरांना मनातल्या मनात जितक्या शिव्या येत होत्या तितक्या दिल्या, मराठीतल्या संपल्यावर तेलुगूतल्या. म्हातारीनं मला बघितलं. "येवढ्यासाटी आलीस व्हय, बाय?" तिनं मला पाणी दिलं, भाकरी दिली, मी खाईपर्यंत समोर बसून राहिली. मग म्हणाली, "लई भ्या वाटतंय. नातवाला जरा ताप आला की माझं पाय लटलटत्यात. पर हे कुणाला सांगू नगंस." मी 'होय'वर खूण केली. तिचं नाव मी आजही सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "बघा संशोधक, 'थोडी' म्हणणारा निदान अर्धं सांगतो. 'नाही' म्हणणाऱ्याकडं मात्र दोनदा जावं लागतं." मी ते वाक्य लिहून घेतलं. सरांची फार थोडी वाक्यं लिहून घेण्यासारखी असत, त्यातलं ते एक.

या सगळ्या अभ्यासात प्रतिसादक क्रमांक एक होते स्वतः सर. त्यात लपवाछपवी काही नव्हती, पहिल्याच भेटीत ते नव्या विद्यार्थ्याला सांगून टाकत. सर मूळचे अक्कलकोटपलीकडच्या मैंदर्गीचे. दीड वर्षांचे असताना गोवर झाला, डोळे उघडेनात. आईनं गावच्या देवळात जाऊन महादेवाला सांगितलं, "माझं पोरगं जगू दे, त्याच्याएवढा गूळ देईन." आमच्याकडं याला तुला म्हणतात. एका पारड्यात मूल बसवायचं, दुसऱ्यात गूळ रचायचा, पारडी समान झाली की तो गूळ देवाचा. पोरगं जगलं. मग एका वर्षी पाऊस नाही, पुढच्या वर्षी वडिलांना सोलापूरच्या मिलमध्ये काम लागलं, मग बहिणीचं लग्न, एक ना एक निघत गेलं. मरताना आई सरांना म्हणाली, "तेवढं करून ये." सर तेव्हा नुकते नोकरीला लागलेले, लग्नाला वर्ष झालेलं. ते गेले नाहीत.

गेले नाहीत, कारण त्यांनी ठरवलं की जायचं नाही. दुसऱ्यांना विचारत फिरण्यापेक्षा एक राहिलेला नवस आपण स्वतः आयुष्यभर सांभाळायचा आणि मनाचं काय होतं ते बघायचं. आईच्या तेराव्याला त्यांनी एक लांबुळकी वही सुरू केली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक ओळ: "नवस फेडलेला नाही. भीती: नाही." छत्तीस वर्षांत एकही पहिली तारीख चुकली नाही. निवृत्त झाले त्या महिन्यातसुद्धा. अशा माणसाला हट्टी म्हणायचं का शास्त्रज्ञ, हे तुम्हीच ठरवा. मी त्यांना दोन्ही म्हणून बघितलंय, एकदा तोंडावरसुद्धा.

आता यात भोगलं कुणी, तर काकूंनी, सरांच्या बायकोनं. सरांचं काय, ते वहीत ओळ लिहून मोकळे. काकू म्हणजे ठेंगणी, ठसठशीत बाई, शाळेत गणित शिकवलेली, बोलणं मोजकं. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षापासून त्यांच्या मागं हा गूळ लागला. मुलगा दहावीत नापास झाला, नणंद म्हणाली, गूळ द्या आधी. लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं, नणंद परत म्हणाली, गूळ. घरात नळाला पाणी आलं नाही तरी भावकीतली कुणीतरी बाई हळूच विचारायची, "मैंदर्गीचं राहिलंय ना तुमचं?" त्यात एक गंमतही होती. आईच्या शब्दांत 'त्याच्याएवढा' होतं, कधीचा 'तो' ते नव्हतं. सर दीड वर्षांचे होते तेव्हा काम आठ-नऊ किलोत भागलं असतं. आता दर दिवाळीला नातेवाईक सरांच्या पोटाकडं बघून हिशेब करायचे. काकू सुरुवातीची काही वर्षं सरांशी भांडल्या. पुढं त्यांनी भांडण सोडलं आणि सरांचंच उत्तर उचललं. कुणी काही म्हटलं की शांतपणे सांगायच्या, "अभ्यास चालू आहे." सरांच्या तोंडून ते वाक्य सुटका करून घेतल्यासारखं वाटायचं. काकू म्हणाल्या की समोरची बाई उठून जायची.

मागच्या वर्षी काकूंच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, बायपास सांगितली. दवाखान्यात नर्स काकूंना वजन करायला घेऊन गेली तेव्हा मीही बरोबर होते. काकू उतरल्या आणि सर काट्यावर चढले. बहात्तर. संध्याकाळी मला फोन. "संशोधक, बहात्तर किलो गूळ लागेल. चांगला बघून घ्या, मीठ मारलेला नको."

छत्तीस वर्षांची वही माझ्या डोळ्यांपुढं होती.

गूळ घेऊन गेले तेव्हा परवा भरती व्हायचं होतं. मी आणि रिक्षावाला ढेपा आत लावत होतो आणि काकू अभ्यासिकेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"गूळ," सर म्हणाले.

"ते दिसतंय. कशाला?"

"उद्या मैंदर्गीला जाऊन येतो. तुझ्या समाधानासाठी."

काकू आत आल्या, खुर्चीवरची पुस्तकं उचलून खाली ठेवली, बसल्या. "आज वहीत काय लिहिलंत?"

"आज पहिली तारीख नाही."

"लिहिलंय तुम्ही. मी बघितलं. काय लिहिलंत?"

सर म्हणाले, "भीती: नाही. पत्नीच्या समाधानासाठी जात आहे."

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण दार काकूंच्या मागं होतं. रिक्षावाला मात्र केव्हाच निसटला होता.

"ऐका," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, फळ्यावर गणित समजावून द्यावं तशा बोलत होत्या. "तुमची आई गेली तेव्हा मी म्हटलं होतं, जाऊन या. गेला नाहीत. लेकीच्या वेळेला मी पाया पडले होते तुमच्या. गेला नाहीत. मग मी म्हटलं, ठीक आहे, यांचा अभ्यास आहे तर माझाही आहे. छत्तीस वर्षं सगळ्या भावकीचं मी तोंडावर घेतलं, ते या वहीसाठी. आणि आता माझी छाती उघडायची वेळ आली तर तुम्ही वही मिटायला निघालात? मी वाचले तर लोक म्हणतील गुळानं वाचली. मला तसं वाचायचं नाही."

"आणि," सर म्हणाले, तेवढ्यात काकूंनी त्यांचं वाक्य उचललं.

"आणि नाही वाचले तर तुमच्या वहीत खरं काय ते लिहा. गूळ कुठं पळून जात नाही. मी घरी आले की जाऊ, दोघं जाऊ. घाबरून जायचं नाही."

सर म्हणाले, "मी घाबरलेलो नाही."

काकूंनी त्यांच्याकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, "हळद आण गं स्वयंपाकघरातून, मुंग्या लागतील." ती रेघ काकूंनी स्वतः ओढली, ऑपरेशनच्या तीन दिवस आधी, खाली वाकून. मी करते म्हटलं तर ऐकलं नाही.

ऑपरेशन झालं. जखम भरायला वेळ लागला, अठरा दिवस दवाखान्यात काढावे लागले. त्या अठरा दिवसांत सर महिन्याची वाट न बघता रोज वहीत लिहीत होते. महत्त्वाचा काळ आहे, म्हणाले. मी रोज डबा घेऊन जायची. सर म्हणायचे, "घरून खाऊन आलोय, काकूंना द्या." काकूंनी विचारलं तर म्हणायचे, "संशोधकांनी डबा आणला होता, आत्ताच जेवलो." आम्ही दोघी एकमेकींना विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं. बाहेरच्या बाकड्यावर ते माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तपासत बसायचे, लाल पेनानं, नेहमीसारखं निर्दयपणे. मी एकदा विचारलं, "सर, बरं आहे ना?" तर वही उघडून दाखवली. भीती: नाही. भीती: नाही. खाली खाली तेच. हा माणूस दगडाचा आहे असं मला त्या दिवशी वाटलं, आणि रागही आला. तो राग मी काकूंपासून लपवला.

काकू घरी आल्या, चालायला लागल्या, डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं. त्याच संध्याकाळी त्या म्हणाल्या, "चला आता. मला काही झालेलं नाही, तुम्हाला काही झालेलं नाही. आता जाण्यात मजा आहे." आम्ही गाडी केली. मागं गूळ, पुढं सर मांडीवर वही घेऊन, मधल्या सीटवर काकू आणि मी. अक्कलकोट ओलांडलं तशी सरांची मराठी हळूहळू सुटली आणि ड्रायव्हरशी कानडी सुरू झाली. गावाकडचा माणूस गावाच्या बाजूला निघाला की जीभ आधी पोचते.

देवळातले पुजारी सरांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. "बर्री सर, कूड्री," या, बसा म्हणून त्यांनी ओवरीत चटई टाकली. देवळातला तराजू लेकरांसाठी होता, पारडं परातीएवढं. त्यात चौसष्ट वर्षांचा माणूस कसा बसवायचा? मी सुचवलं की दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आणू, आकडा बघू, तेवढा गूळ ठेवू. पुजारी हसले. "देवाला आकडा काय करायचा, ताई? पारडी समान दिसली पाहिजेत." मग बाजारातल्या आडत दुकानातून धान्याचा जुना मोठा तराजू आणवला, साखळ्यांचा, आणि देवळापुढच्या लिंबाच्या फांदीला टांगला. एका पारड्यात सगळा गूळ आधी रचला. दुसऱ्यात सर मांडी घालून बसले, चष्मा काढून हातात धरला. दोन गड्यांनी धरून ठेवलेली पारडी सोडली.

सर वर गेले. आणि वरच राहिले.

गुळाचं पारडं जमिनीला टेकलेलं, आणि प्रतिसादक क्रमांक एक लिंबाखाली हवेत. पुजाऱ्यांनी साखळी हलवून बघितली. "वजन कधी केलं होतं, सर?"

"अडीच महिने झाले," सर वरूनच म्हणाले. "गूळ हवेतलं पाणी ओढतो. वाढला असेल."

"वाढेल कसा," काकू म्हणाल्या, "मुंग्यांनी खाल्लाय तो."

पुजाऱ्यांनी एक लहान ढेप उचलून दुकानातल्या वजनाला लावली. किलोची किलोच भरली. मग त्यांनी एकेक लहान ढेप काढायला सुरुवात केली. काकू मोजत होत्या, शाळेत मोजतात तसं, मोठ्यानं. एक. दोन. तीन. चौथ्याला त्यांचा आवाज बारीक झाला. सहावी ढेप काढली आणि सर हळूहळू खाली आले, दोन्ही पारडी एका रेषेत थांबली.

काकू सरांकडं न बघता माझ्याकडं वळल्या. माझा हात धरून मला म्हणाल्या, "घाबरले नव्हते म्हणे. सहा किलो उतरलाय गं हा माणूस. रोज मला सांगत होता, जेवलो." आणि रडायला लागल्या. ऑपरेशनला आत नेताना न रडलेली बाई. मलाही राहवलं नाही. ज्याला दगड समजून मी आतल्या आत जळत होते, तो माणूस माझ्यासमोर उपाशी बसून माझ्या काना-मात्रा दुरुस्त करत होता.

पुजाऱ्यांनी बाजूला काढलेल्या ढेपा दाखवल्या. "या सहा परत नेणार का?"

"नाही," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "तेही यांचंच वजन आहे. ठेवा देवापुढं."

पूजा झाली. सर ओवरीत येऊन बसले. मी धीर करून म्हटलं, "सर, 'नाही' म्हणणाऱ्याकडं दोनदा जावं लागतं." त्यांनी मान हलवली. "पेन द्या, संशोधक." वही उघडून त्यांनी दवाखान्यातले दिवस काढले. एकेक 'नाही' खोडून वर 'होय' लिहिलं, अठराच्या अठरा ठिकाणी. गूळ आणला त्या दिवसाचाही बदलला. मला वाटलं, झालं. पण ते मागं जात राहिले. लेकीचं लग्न मोडलं तो महिना आला, थांबले, होय. मुलाच्या दहावीचा महिना, होय. कुठं कुठं 'नाही' तसंच ठेवलं, अगदी विचार करून. असं करत करत पहिल्या पानाशी आले आणि पेन थांबलं.

"हे मला आठवत नाही," सर म्हणाले. "आईचं तेरावं. त्या दिवशी खरं काय वाटत होतं, आता सांगता येणार नाही. नोंद तशीच राहू द्यावी लागेल."

"मला आठवतंय," काकू म्हणाल्या. "माणसं गेली, तुम्ही ही वही घेऊन ओट्यावर बसलात. हात इतका कापत होता की तारीख मी घातली. बघा, अक्षर माझं आहे. लिहा."

सरांनी चष्मा लावून बघितलं. तारीख काकूंच्या अक्षरात होती. त्यांनी 'नाही' खोडलं आणि लिहिलं.